पोच येणे बाकी

आमच्या मंडळीवर बिशप नाही. हे वाक्य माझ्या वडिलांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. कोयनानगरच्या वसाहतीत आमच्या घरी कुणी पाहुणा आला, की चहाचा कप त्याच्या हातात पडायच्या आत ते सुरू व्हायचे. "आमच्यावर कुणी साहेब नाही. मस्तक ख्रिस्त, आणि बाकी आम्ही सगळे एका रांगेत." वडील धरणाच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर साहेबांच्या सह्या घेत फिरणाऱ्या माणसाला रविवारी हे म्हणताना केवढं बरं वाटत असेल, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, ते सचिव होते. पगार शून्य, कटकट भरपूर. आमच्याकडे सगळं सभेत ठरतं. पाळक, म्हणजे आमचा पाद्री, कोण असावा, छपराला पत्रे कसले घालावेत, नाताळच्या जेवणात पुलाव करावा की साधा भात, सगळ्याला आधी प्रार्थना, मग चर्चा, मग हात वर. पाळकालाही मत एकच आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनाही एकच. प्रभूची इच्छा कुणा एकाच्या कानात सांगितली जात नाही, सगळे मिळून शोधतात तेव्हा ती सापडते, असं आम्ही मानतो. सांगलीतल्या माझ्या शेजारीण आहेत, जैन, त्यांना याचं भारी नवल. "देवाची इच्छा मीटिंग घेऊन कशी कळते हो तुम्हाला?" असं त्या अजून विचारतात. मी गणिताची शिक्षिका. मी म्हणते, हात मोजून.

कोयनेच्या मंडळीची एक रीत मी आणखी कुठं पाहिली नाही. मोठ्या भूकंपानंतर म्हणे सगळे पटांगणात जमले, आणि तेव्हाच्या पाळकांनी वहीतली नावं एकेक करून वाचली. कोण आहे आणि कोण नाही, एवढं कळावं म्हणून. तेव्हापासून दर वार्षिक सभेत हजेरी होते. जो हजर आहे तो उभा राहून "आहे" म्हणतो. जो नोकरीसाठी बाहेरगावी गेलाय, त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी उभं राहून सांगतं, "आहे. पुण्याला आहे." लहानपणी या हजेरीला आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. वडील वहीवरून डोळे वर करून एकदा बघायचे, की चिडीचूप.

माझं लग्न ठरलं सांगलीला. आमच्यात मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर मंडळीचं पत्र जातं. ही आमची सभासद, हिचं आचरण चांगलं, हिला आपल्यात सामील करून घ्या, असं एका मंडळीनं दुसऱ्या मंडळीला लिहायचं. पत्राच्या खालच्या भागावर तुटक रेघ असते, तिच्याखाली पोच. नव्या मंडळीनं पत्र ठेवून घ्यायचं, पोच फाडून सही करून परत पाठवायची. ती आली की जुन्या मंडळीनं वहीतून नाव काढायचं. एका माणसाचं नाव दोन वह्यांत असू नये, असा नियम. सहा महिन्यांत पोच आली नाही तर सचिवानं स्मरणपत्र पाठवायचं, असाही नियम. माझे वडील नियमाचे इतके पक्के, की त्यांनी कितीतरी जणांना तीन-तीन स्मरणपत्रं पाठवून हैराण केलं होतं.

तर माझं पत्र माझ्या वडिलांनीच लिहिलं. सचिव तेच, दुसरं कोण लिहिणार? सांगलीला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी ते उघडून वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. "ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम. पत्र घेऊन येणारी ही आमची भगिनी..." इथपर्यंत रीतीप्रमाणे होतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली होती. "बोलायला थोडी फटकळ आहे, पण मनाने सरळ आहे. सांभाळून घ्यावे."

नवीन नवरी मी. हे पत्र मंडळीपुढे मोठ्यानं वाचतात! मी ते घडी घालून माझ्या बायबलमध्ये, मागच्या कव्हराच्या आत, सरकवून दिलं. तेव्हाच्या सचिवांनी विचारलं, "पत्र आणलंय ना?" मी म्हटलं, "आणलंय." ते खोटं नव्हतं. आणलं होतंच. सासरे मंडळीचे पंच, आणि पंचांच्या सुनेकडे पत्राचा कागद कोण मागतंय? त्यांनी वहीत नाव लिहून टाकलं आणि पत्राचा रकाना नंतर भरू म्हणून कोरा सोडला.

नंतर विसरले, असं लिहिलं तर मात्र खोटं होईल. पहिल्या सभेत हात वर करताना तो खांद्याच्या वर जाईना. पंखे घ्यायचे की नाही असा फुटकळ विषय होता, पण मला माहीत होतं की पत्र दिल्याशिवाय मला मत नाही. दुसऱ्या सभेला तो थोडा वर गेला. हळूहळू सवय झाली. पत्र द्यायचं अधूनमधून मनात यायचं, पण ते दिलं की कोयनेच्या वहीतून माझ्या नावावर रेघ येणार, हेही मनात यायचं, आणि मी बायबल मिटून ठेवायचे. मग वडील गेले. त्यांच्या हातचं, माझ्याविषयी लिहिलेलं, एवढंच माझ्यापाशी उरलं. त्यानंतर ते कुणाला देणं माझ्याच्यानं शक्य नव्हतं.

अशी मी सांगलीत सत्तावीस वर्षं मतं दिली.

त्यातलं एक मत आमच्या आताच्या पाळकांच्या निवडीचं. ते जत तालुक्यातले, घरी मेंढरं, बोलण्यात कानडी हेल. परीक्षेचा उपदेश द्यायला आले तेव्हा मेंढरांवरच बोलले. मेंढरू गरीब असतं असं शहरातल्या लोकांना वाटतं, म्हणाले, पण त्याच्याइतकं हट्टी जनावर नाही, तरी संध्याकाळी मोजताना एक कमी भरलं तर जेवण जात नाही. मला ते फार आवडलं. आमच्या सचिवांना अजिबात आवडलं नाही. हे सचिव नवे, वीज खात्यातून निवृत्त झालेले, नियमांचं पुस्तक खिशात घेऊन फिरणारे. "पाळकांची भाषा शुद्ध पाहिजे," असं म्हणून त्यांनी विरोध केला. हात मोजले. एकतीस विरुद्ध तीस. एका मतानं पाळक आले.

आणि मग पुराचं वर्ष आलं. कृष्णेचं पाणी मंडळीच्या सभागृहात खिडकीपर्यंत चढलं. पाळकांनी लोकांना काढलं, गाद्या काढल्या, सभासदांच्या वह्या डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून बाहेर आणल्या. महिनाभर आमची उपासना शेजारणीच्या दिरांच्या हळदीच्या गोदामात झाली. गुडघे टेकून उठलं की सगळ्यांचे गुडघे पिवळे. त्यानंतर पाळकांच्या भाषेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

यंदा मंडळीनं माझं नाव पंच म्हणून सुचवलं. दोनच दिवसांत सचिव घरी आले. पाण्यातून वाचलेली ती वही त्यांच्या काखेत होती.

"तुमचा पत्राचा रकाना कोरा आहे," ते म्हणाले. "त्या वेळच्या सचिवांकडून राहिलं असणार. पत्र कुठल्या तारखेचं, तेवढं सांगा, मी भरून टाकतो."

मी म्हटलं, रविवारी सांगते. ते गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट मी त्याच्यापासून लपवली होती. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "अगं, पत्रावर तारीख आहे ना? तीच सांग. दिलं होतं, गहाळ झालं असेल. पूर आला होता की."

सोपं होतं. पण एव्हाना माझ्या डोक्यात बेरीज-वजाबाकी सुरू झाली होती. माझं मत काढलं तर तीस विरुद्ध तीस. समसमान मतं पडली तर ठराव फेटाळला जातो, असं आमच्या नियमांत आहे. म्हणजे पाळकांना आम्ही बोलावलंच नव्हतं. त्यांचं घर मंडळीचं, मुलं इथल्या शाळेत, बायकोनं परसात लावलेला शेवगा नुकता शेंगांना आलेला. माझ्या खरं बोलण्यानं त्यांच्या पायाखालची जमीन जाणार, आणि हातात ठराव घेऊन पुढे बसणार ते सचिव, ज्यांनी एका मतानं हार खाल्ली होती. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पाळकांना आधी जाऊन सांगावं, असं वाटलं. त्यांच्या दारापर्यंत गेलेही. पण सभेची गोष्ट सभेतच सांगायची, असं वडिलांचं म्हणणं आठवलं आणि फाटकातूनच परत आले. आता वाटतं, ते शौर्य नव्हतं. एकट्या त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायची माझी हिंमत नव्हती.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कोरा रकाना, बायबलमधलं पत्र, पाळकांच्या निवडीत वर केलेला हात. बोलताना माझा आवाज वर्गात असतो तसाच खणखणीत होता. सचिवांनी सभावृत्ताची जुनी वही काढली, पान शोधलं, आणि वाचलं, "एकतीस विरुद्ध तीस."

मागून एक बाई घाबरून म्हणाली, "मग माझ्या पोरीचं लगीन यांनीच लावलं की! ते झालंच न्हाई म्हणायचं का?"

कुणी हसलं नाही. पाळक उठले. "तुमी पुन्हा मत घ्या," ते म्हणाले. "मी बाहेर बसतो. ज्याचा विषय त्यानं आत बसू नये, रीतच हाय." आणि ते बाहेर गेले. मला मत नव्हतंच. मीही त्यांच्या मागोमाग गेले.

पायरीवर सगळ्यांच्या चपला होत्या. त्या बाजूला सारून आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "मला माफ करा. माझ्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली."

"अक्का," ते म्हणाले, "एका मतानं निवडून आलाय, असा मला फोन आला हुता. बायकोला म्हटलं, सगळं सामान सोडू नको. दोन पेट्या सहा महिने बांधलेल्याच ठेवल्या. आणि ते एक मत कुणाचं, ते तर ठावं न्हाई. मग काय, सगळ्यांशीच नीट वागावं लागलं."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "बायकोला अजून सांगितलं न्हाई. ती घरी सैपाक करतीया." तेव्हा मला दिसलं, की त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

दार उघडलं. सचिव स्वतः बाहेर आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बाजूनं सगळे," ते म्हणाले. "विरोधात कुणी नाही. मीसुद्धा नाही, असं सभावृत्तात वेगळं लिहिलं आहे." पाळकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग सचिव माझ्याकडे वळले. "तुमचा विषय मात्र राहिलाय. पत्र आहे?"

बायबल माझ्या हातातच होतं. मागच्या कव्हरातून पत्र काढलं. घडीवर ते पिवळं पडलं होतं. त्यांनी आत नेऊन ते सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं, कारण वाचायचा नियम आहे. 'फटकळ' या शब्दाशी ते थांबले, पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचून खात्री करून घेतली, आणि वाचलं. सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं माझा नवरा.

"मुदत संपून जमाना झाला," सचिव म्हणाले. "नियमाप्रमाणे नवं पत्र आणायला पाहिजे." ते जरा वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले. "पण लिहिणारा सचिव पक्का होता, हे दिसतंय. असल्या माणसाचं पत्र नाकारायची माझी तयारी नाही. सभेचं काय म्हणणं?" हात वर झाले. मी पहिल्यांदाच ते हात खरोखर माझ्यासाठी वर झालेले पाहिले, आणि सत्तावीस वर्षं मी या लोकांत राहून या लोकांची झाले नव्हते, याची मला लाज वाटली.

सचिवांनी तुटक रेघेवर पट्टी ठेवून पोच फाडली, सही केली, तारीख घातली. पत्र त्यांच्या फाईलमध्ये गेलं. "झेरॉक्स देतो तुम्हाला," ते म्हणाले. त्यांच्याकडून इतकी माया म्हणजे खूपच. पोच टपालानं पाठवायला त्यांनी पाकीट काढलं, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या. मी स्वतः नेऊन देते."

कोयनेची वार्षिक सभा पुढच्याच महिन्यात होती. सांगलीहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पाटणवरून वर घाटातली बस. बस उशिरा पोचली आणि मी सभागृहात शिरले तेव्हा हजेरी सुरू झालेली होती. लग्नानंतर मी या सभेला कधीच आले नव्हते. आता माणसं निम्मीसुद्धा नाहीत. धरणाची भरती संपली, पोरं बाहेर गेली. मी शेवटच्या बाकावर टेकले. नवे सचिव तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. ते नावं वाचत होते. "आहे." "आहे. चिपळूणला आहे." आणि मग त्यांनी माझं नाव वाचलं. माझं माहेरचं, पूर्ण नाव.

मी उठायच्या आत पहिल्या बाकावरून एक म्हातारी उभी राहिली. वसाहतीच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई. माझी नाळ यांनीच कापली होती. "हाय," त्या म्हणाल्या. "सांगलीला हाय. बरी हाय." आणि बसल्या. सचिवांनी पुढचं नाव घेतलं.

मी तिथंच बसून राहिले. सभा संपून चहा आला तेव्हा कुठं मी नर्सबाईंपाशी गेले. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला, मग माझे गाल कुरवाळत तिथंच रडल्या. मी विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी का उभ्या राहता?"

"तुझे वडील ऱ्हायचे उभे. दर साली. सोताच नाव वाचायचे आन सोताच 'आहे' म्हणायचे, सचिव असून! आजारी पडले तवा मला म्हणाले, बाई, आता तुमी म्हणत जा."

"पण पोच आली नव्हती. त्यांनी मला स्मरणपत्र का नाही पाठवलं?"

"मी इचारलं हुतं की. म्हणाले, पोरीनं पत्र दिलं न्हाई, म्हंजी तिला सोडवंना झालंय. मला तरी कुठं सोडवतंय? ऱ्हाऊ द्या तसंच."

आयुष्यभर दुसऱ्यांना स्मरणपत्रं पाठवणारा माणूस! मी तिकडे पत्र दाबून बसले होते आणि ते इकडे वही उघडी ठेवून बसले होते, आणि सुट्टीत मी माहेरी आले की आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द न काढता भाजीच्या चवीवर वाद घालायचो.

तरुण सचिवांना मी पोच दाखवली. त्यांनी वही उघडली. माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, वडिलांनी लिहिलं होतं. "पत्र दिले. पोच येणे बाकी." खाली दर वर्षी एक टिंब. काही टिंबांनंतर हात बदलला होता, टिंबं चालूच होती.

सचिवांनी लाल पेन काढलं. मी म्हटलं, "थांबा जरा. माझं नाव एकदा वाचाल का?"

ते गोंधळले. सभागृहात मोजकी माणसं, कुणी कप गोळा करत होतं, कुणी खुर्च्या एकात एक घालत होतं. त्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं, मग वहीत बघून माझं नाव वाचलं. नर्सबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि चटकन पदर तोंडाला लावला.

मी उभी राहिले.

"आहे," मी म्हटलं. आणि पोच त्यांच्या हातात दिली.